गणपती ते भाऊबीज: बेरीज जुळली, तारखा चुकल्या

हे प्रकरण पिंपरी-चिंचवडमधल्या एका पाच जणांच्या घराचे आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आकडे मात्र त्या घराच्या वहीत होते त्याच प्रमाणात ठेवले आहेत. काळ जुलै ते नोव्हेंबर २०२५.

पार्श्वभूमी

पती चाकण औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर. हातात पगार ४७,२०० रुपये, दर महिन्याच्या ७ तारखेला. पत्नी घरी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. सामानाचा खर्च वजा जाता वर्षभराची सरासरी महिना ९,०००. घरात ६८ वर्षांची आजी, आठवीतली मुलगी, तिसरीतला मुलगा. मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. गौरी-गणपती गावच्या सामाईक घरी, आणि त्याला जाणे टाळता येत नाही.

मिळकत ५६,२००. ठरलेला खर्च असा: घराचा हप्ता १६,१२०, दुचाकीचा २,९५०, मोबाइलचा १,९९९, क्रेडिट कार्डाची किमान रक्कम ३,१२०, भिशी २,०००, सोसायटी १,५००, वीज १,९००, गॅस १,०५०, दूध २,७००, किराणा-भाजी १०,५००, शाळेची बस व शिकवणी ४,८००, पेट्रोल २,६००, रिचार्ज-इंटरनेट १,४५०, आजींची औषधे १,७००, आयुर्विमा १,४८०. बेरीज ५५,८६९. उरतात ३३१ रुपये.

या यादीत केस कापणे नाही, वाढदिवस नाही, ताप आला तर डॉक्टर नाही, रविवारचे पार्सल नाही, कुणाच्या बारशाचे पाकीट नाही. हे सगळे महिन्याला चारएक हजार होते आणि ते कार्डावर जात होते. आपण उधळपट्टी करत नाही, असे दोघांचेही प्रामाणिक मत होते, आणि ते बरोबरच होते. घर चालवण्याचा नेहमीचा खर्चच उधारीवर गेला होता.

प्रश्न कुठे होता

आषाढी झाल्यावरच्या रविवारी, १३ जुलैला, दोघे हिशेबाला बसले. निमित्त झाले आदल्या दिवशी आलेल्या कार्डाच्या बिलाचे. थकबाकी ६२,४००, किमान भरायची रक्कम ३,१२०. आठ महिने ते किमान रक्कम वेळेवर भरत होते, एकदाही चुकले नव्हते, तरी थकबाकी कमी होत नव्हती.

कारण बिलाच्या दुसऱ्या पानावर होते. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे २,१८४ रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३९३ रुपये. दोन्ही मिळून २,५७७. भरलेल्या ३,१२० पैकी मुद्दलात गेले ५४३. शिवाय मागची पूर्ण रक्कम फेडलेली नसल्यामुळे नव्या खरेदीला ते ४०-५० दिवस बिनव्याजी मिळत नाहीत. मेडिकलमधून घेतलेल्या औषधावरही त्याच दिवसापासून व्याज लागते. किमान रक्कम भरली की विलंबशुल्क टळते, व्याज टळत नाही. हे कळायला त्यांना आठ महिने लागले, आणि त्यांच्यासारखी असंख्य घरे आहेत.

मग मागच्या वर्षीचा सण मोजला. दोघांना विचारले तेव्हा पतीचा अंदाज होता चाळीस हजार, पत्नीचा पंचेचाळीस. खात्याचा उतारा, यूपीआय अ‍ॅपमधली महिनावार नोंद आणि कार्डाची बिले समोर ठेवून अडीच तासांत जी यादी झाली ती अशी: गणपतीला गावी जाणे-येणे, गावचा वाटा आणि किरकोळ मिळून २१,५००, नवरात्र-दसरा ४,३००, फराळ, कंदील, पणत्या, उटणे ९,२००, कपडे १७,८००, पाडवा-भाऊबीज ११,४००, मोबाइलचे सुरुवातीचे पैसे ६,०००, दिवाळीच्या सुट्टीतली सहल १४,५००, बाहेर खाणे, फटाके, पाहुणे ६,७००. एकूण ९१,४००. मिळालेला बोनस २४,०००.

अंदाज आणि खरा आकडा यांत दुपटीचा फरक पडला, कारण डोक्यात 'दिवाळी' म्हणजे फराळ आणि कपडे एवढेच असते. खर्च मात्र गणपतीच्या तिकिटापासून सुरू होऊन भाऊबीजेपर्यंत चालतो.

यंदा याच काळात आणखी दोन मोठे खर्च होते आणि दोन्ही सणाच्या यादीत नव्हते: ४ ऑक्टोबरला संपणारी आरोग्य विमा पॉलिसी, १८,९०० रुपये, आणि नोव्हेंबरात शाळेच्या दुसऱ्या सत्राची फी, ११,०००. शिल्लक होती बचत खात्यात ११,३०० आणि पत्नीच्या नावावर ४०,००० ची मुदत ठेव, व्याज ६.८ टक्के, मुदत मार्च २०२६.

पर्याय: आधी कार्ड

पहिला विचार होता आजींच्या पाटल्या ठेवून सोनेतारण कर्ज काढण्याचा. दर कार्डापेक्षा कितीतरी कमी, काम तासाभरात. पण अशा कर्जात बहुतेक वेळा वर्षअखेर मुद्दल-व्याज एकदम भरायचे असते, आणि ज्या घरात महिन्याला ३३१ रुपये उरतात तिथे ती रक्कम साठत नाही. मग नूतनीकरण, आणि तेही जमले नाही तर लिलावाची नोटीस. सोन्याचा तोळा लाखाच्या वर गेलेला असताना मोडलेली पाटली पुन्हा घडवणे या घराला जमणारे नव्हते. हा पर्याय बाजूला ठेवला.

मोबाइलवरच्या झटपट कर्जाचा विचार पतीने बोलून दाखवला. कर्जाची मुख्य माहिती देणारे एक पान, ज्याला केएफएस म्हणतात, ते कर्ज देणाऱ्याने आधी दाखवणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ते उघडल्यावर प्रक्रिया शुल्क धरून वार्षिक खर्च दिसला आणि विषय संपला.

उरली मुदत ठेव. ६.८ टक्क्यांची ठेव जपायची आणि ४२ टक्क्यांचे व्याज भरत राहायचे, हे चित्र अनेक घरांत दिसते. त्यात मूर्खपणा नाही, भीती आहे. पत्नीचे म्हणणे स्पष्ट होते: "ठेव मोडायची नाही. एकदा मोडली की परत होत नाही." हा अनुभवाचा बोल आहे आणि तो हिशेबात धरायला हवा.

मधला मार्ग निघाला: ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर बँकेकडून पैसे उचलणे. बँकेने ठेवीच्या ९० टक्के, म्हणजे ३६,००० पर्यंत मर्यादा दिली, दर ठेवीच्या दरापेक्षा एक टक्का जास्त, ७.८. तेवढ्याच रकमेवर कार्ड महिन्याला १,४८७ रुपये घेत होते. ओव्हरड्राफ्टचे व्याज झाले २३४. महिना १,२५३ ची बचत, एका अर्जावर.

ठेव मोडणे आणि ओव्हरड्राफ्ट हे दोन्ही मार्ग पैशांच्या दृष्टीने जवळपास सारखेच होते. मुदतीआधी मोडली तर दरात एक टक्का कपात, सुमारे सहाशेचे नुकसान. ओव्हरड्राफ्टला आठ महिन्यांचे व्याज १,८७२, पण ठेवीवर त्याच काळात १,८१३ मिळत राहणार. म्हणून पत्नीच्या मनाला पटेल तो मार्ग घेतला. एक गोष्ट मात्र दोघांना कागदावर लिहून दाखवणे गरजेचे होते: ओव्हरड्राफ्ट फेडला नाही तर मार्चमध्ये ३६,००० वळते होतील आणि हातात चार हजार आणि व्याज उरेल. ठेव मोडलेली नाही, पण मोकळीही नाही.

कार्डावर उरलेले २६,४०० बँकेने १६ टक्क्यांनी १२ हप्त्यांत बसवून दिले. हप्ता २,३९६, पहिल्या महिन्याचा जीएसटी ६३, प्रक्रिया शुल्क जीएसटीसह ५८९. सहा महिन्यांचा हप्ता ४,६०८ आला असता. तो या घराला पेलला नसता. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी ३६,००० भरले, ते खात्यावर दिसायला दोन दिवस गेले, मग ग्राहक सेवेला फोन करून उरलेल्या रकमेचे हप्ते मागितले, आणि हे सगळे बिलाच्या देय तारखेआधी. फोनवर तीन आकडे विचारून लिहून घेतले: वार्षिक दर, प्रक्रिया शुल्क, मुदतीआधी बंद करायचे शुल्क.

हप्ते बांधले की कार्डाची मर्यादा मोकळी होते, आणि खरा धोका तेव्हापासून असतो. कार्ड आजींच्या पेटीत गेले. तेवढ्याने भागत नाही, कारण खरेदीच्या अ‍ॅपमध्ये कार्ड टोकन होऊन, म्हणजे पुन्हा वापरता येईल असे साठवून, बसलेले असते. तीन अ‍ॅपमधून ते काढले आणि बँकेच्या अ‍ॅपमधून कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद केले. हप्ते त्यामुळे थांबत नाहीत.

घराच्या हप्त्याबाबतचा निर्णय

२०२५ मध्ये फेब्रुवारी, एप्रिल आणि जून मिळून रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, एक टक्क्याने उतरला होता. या घराचे कर्ज बदलत्या दराचे, शिल्लक १४ लाख ६० हजार, १५६ हप्ते बाकी. दर ९.२५ वरून ८.२५ झाला तेव्हा बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत साधारण १३ महिन्यांनी कमी केली. बँका बहुधा असेच करतात. पण हप्ता कमी करून मागता येतो. तो १५,२९० झाला असता, महिना ८३० ची सवड मिळाली असती.

पतीला मुदत कमी झाल्याचे समाधान होते आणि त्याने अर्ज केला नाही. आमच्या मते हा निर्णय अगदी काठावरचा होता. कार्डाचे १६ टक्के फिटेपर्यंत हप्ता कमी करून घेणे आणि नंतर वाढवणे हे आकड्यांनी सरस होते. फक्त, नंतर हप्ता वाढवायला कुणी बँकेत परत जात नाही, हेही तितकेच खरे.

सणाचे अंदाजपत्रक

महिन्याच्या खर्चातून जे निघाले ते मोठे नव्हते. पती दुचाकीऐवजी कंपनीच्या बसने जाऊ लागला, पेट्रोलचे १,४०० वाचले. दहा मिनिटांत घरपोच येणाऱ्या सामानाचे अ‍ॅप काढून किराणा महिन्यातून एकदा यादी करून आणायला सुरुवात केली, १,२०० वाचले. रिचार्ज बदलून ४००. कार्डाच्या बदललेल्या हप्त्याने, त्यावरचा जीएसटी आणि ओव्हरड्राफ्टचे व्याज वजा जाता, ४३० आणि आधीचे ३३१. एकूण ३,७६१. यातले २,००० किरकोळ खर्चाला रोखीने पाकिटात, कारण तो खर्च आता कार्डावर जाणार नव्हता. सणाला महिना १,७००, आणि उरलेले थोडे खात्यातच.

सणाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवले, पत्नीच्या नावे, यूपीआय त्याच खात्याला जोडलेले. पूर्वी डब्यात किंवा पाकिटात भाग पाडायचे ते चालत होते, कारण पैसे हाताने मोजून जात. आता भाजीवालीलाही स्कॅन करून पैसे जातात. एकाच खात्यातून सगळे गेले तर कुठला पैसा कशाचा हे दोन आठवड्यांत कळेनासे होते.

जमा धरली ती अशी. बचत खात्यातून ६,००० (५,००० अडीअडचणीला ठेवले). जुलै ते ऑक्टोबर १,७०० प्रमाणे ६,८००. मोबाइलचा शेवटचा हप्ता सप्टेंबरमध्ये, म्हणून ऑक्टोबरचे २,०००. शिलाईचे हंगामी जास्तीचे १९,०००. बोनस हातात २६,५००, त्यातली ११,००० शाळेची फी बाजूला काढून १५,५००. बेरीज ४९,३००. त्यातून विमा सुमारे १६,००० गेला की सणाला ३३,०००. विमा १८,९०० ऐवजी १६,००० कसा, ते पुढे येते.

भिशीचे ४०,००० धरले नाहीत. वीस जणींची भिशी, चिठ्ठी काढून नंबर. नऊ जणींचे बाकी. ऑगस्ट-सप्टेंबरात नंबर लागलेल्या एकीशी अदलाबदल करता येईल का, हे पत्नीने विचारले, पण जमले नाही. चिठ्ठी लागली तर आनंद, पण ज्या पैशाची तारीख माहीत नाही तो खर्चाच्या कागदावर येऊ नये.

शिलाईचे १९,००० हा अंदाज फार आशावादी नव्हता. अस्तराच्या ब्लाउजला शिलाई ५००. अस्तर, हुक, दोरा, लटकन यांत ११० जातात, हातशिलाईला शेजारच्या मुलीला ४०. हातात ३५०. नेहमीपेक्षा जास्तीची पन्नासेक ब्लाउजे दहा आठवड्यांत शिवायची. आजवर गल्लत व्हायची ती आगाऊ पैशांत. गिऱ्हाइकाने दिलेले पैसे घरात खर्च होत आणि अस्तर आणायला पुन्हा कार्ड. यंदा निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय कापड ठेवून घ्यायचे नाही, आगाऊ रकमेतून आधी सामान आणायचे आणि ८ ऑक्टोबरनंतर दिवाळीची ऑर्डर घ्यायची नाही, असे ठरले.

३३,००० ची वाटणी: गणपती ११,४००, नवरात्र-दसरा २,६००, फराळ आणि दिवाळीचे सामान ६,५००, कपडे ६,००० (मुलांचे आणि आजींचे नऊवार), पाडवा-भाऊबीज ४,५००, अचानक खर्चाला २,०००. सहल नाही.

मुलांना हे जुलैतच सांगितले. मुलीने एकच विचारले, पुढच्या वर्षी जाऊ का. उत्तर दिले, भिशी लागली तर मेमध्ये जाऊ. दिवाळीच्या तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा हे कितीतरी सोपे गेले.

गणपतीचा प्रवास

मागच्या वर्षी आयत्या वेळी खासगी बसने जाण्या-येण्याला ९,६०० गेले होते. खासगी बसला एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडे घेता येत नाही असा शासनाचा नियम आहे. सणात तो पाळला जातोच असे नाही. यंदा जुलैतच वल्लभनगर आगारातून जाता-येताचे एसटीचे आरक्षण केले. महिलांना अर्धे तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे, पाच ते बारा वयाच्या मुलाला अर्धे. म्हणजे पाच जणांची मिळून तीन पूर्ण तिकिटे. आरक्षण धरून २,७४० आणि गावची रिक्षा ६६०. गणपतीतली सगळ्यात मोठी बचत ही, आणि तिच्यात कुणाच्याही मनाला लागण्यासारखे काही नव्हते.

गावच्या वाट्याबद्दल मोठ्या दिरांशी बोलणे अवघड होते. पतीने फोन करून सरळ सांगितले, "दादा, यंदा आठ नाही, सहा जमतील. आरास आणि पूजेचे सामान आम्ही दोन दिवस आधी येऊन करतो." त्यांनी मान्य केले. हा फोन जुलैत झाला म्हणून. आरती चालू असताना हिशेबाची वही पुढे आली असती तर तेच बोलणे कडू झाले असते.

जीएसटी आणि टीव्ही

३ सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर जाहीर झाले, लागू होणार घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला. घरात ४३ इंची टीव्हीचा विषय वर्षभर होता. ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा कर २८ वरून १८ टक्के होणार होता. गणपतीत ज्याची किंमत २८,९९० सांगितली होती तो टीव्ही हिशेबाने २६,७२५ वर यायला हवा, आणि दसऱ्याला दुकानात तो २६,७०० ला होता. फ्रीज आणि वॉशिंग मशीनवरचा कर मात्र जुलै २०१८ पासूनच १८ टक्के आहे. 'जीएसटी कमी झाला' म्हणून त्यांची घाई करण्यात काही अर्थ नव्हता.

दुकानदाराने नो कॉस्ट ईएमआय दिला: ४,४५० चे सहा हप्ते. एकरकमी दिले तर काय, असे विचारल्यावर भाव २५,२०० झाला. प्रक्रिया शुल्क धरून त्या 'बिनव्याजी' हप्त्यांची किंमत दोन हजारांच्या वर जात होती. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये लेखी सांगितले आहे. टीव्ही घेतला नाही.

याच बदलाचा खरा फायदा आरोग्य विम्याला झाला. वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबरपासून शून्यावर आला. १८,९०० मधला मूळ हप्ता १६,०१७. एजंट सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच भरा म्हणत होता. पॉलिसी ४ ऑक्टोबरपर्यंत चालू होती. थांबण्यात जोखीम नव्हती. त्यांनी मूळ हप्ता तोच असल्याचे लेखी मागवून घेतले आणि २४ सप्टेंबरला भरले. २,८८३ वाचले. मुदत ऑक्टोबरऐवजी सप्टेंबरच्या सुरुवातीला संपणारी असती तर थांबणे चूक ठरले असते, कारण मुदत संपल्यानंतरच्या सवलतीच्या दिवसांत (ग्रेस पीरियड) नूतनीकरण होते, पण त्या दिवसांत आजारपण आले तर संरक्षण नसते.

काय बिघडले

दोन गोष्टी बिघडल्या. पहिली लहान. ऑगस्टच्या कार्डाच्या बिलात २,४५९ अपेक्षित होते, आले ४,०६५. ५८९ प्रक्रिया शुल्क, ते माहीत होते पण पाकिटात धरले नव्हते. उरलेले १,०१७ हे १२ जुलै ते २४ जुलै या बारा दिवसांचे, पूर्ण ६२,४०० वरचे व्याज आणि त्यावरचा कर. बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे व्याज नेहमी पुढच्या बिलात येते. ही बँकेची चूक समजून बिल अडवून ठेवले असते तर विलंबशुल्क लागले असते. किरकोळ खर्चाच्या पाकिटातून भरले. तो महिना ओढाताणीत गेला.

दुसरी गोष्ट या प्रकरणाचा गाभा आहे. वर दिलेली बेरीज पूर्ण जुळते. ऑक्टोबरअखेर पाहिले तर ठरलेल्या प्रत्येक खर्चाला पैसा आहे. पण तारखा लावून पाहा. २६ ऑगस्टपर्यंत लागणार ११,४००. उपलब्ध बचतीतले ६,०००, दोन महिन्यांचे ३,४००, शिलाईचे २,०००, बरोबर ११,४००. इथवर ठीक. सप्टेंबरात लागणार विम्याचे १६,०१७ आणि नवरात्राचे २,६००, मिळून १८,६१७. सप्टेंबरची जमा १,७०० आणि शिलाईचे ८,०००, म्हणजे ९,७००. तूट ८,९१७. ऑक्टोबरात ही तूट भरून निघत होती, पण ऑक्टोबरचे पैसे सप्टेंबरात कामाला येत नाहीत. कागदावर महिन्यांचे रकाने पाडले असते तर हे जुलैतच दिसले असते.

२४ सप्टेंबरला विमा भरताना सणाच्या खात्यात ७,१०० होते. अडीअडचणीचे ५,००० घेतले. उरलेले ३,९१७ पतीने पगाराच्या खात्यातून, पुढच्या हप्त्यांसाठी ठेवलेल्या रकमेतून उचलले. शिलाईचे ३,६०० दसऱ्याआधी येणार होते, ते परत ठेवू असा विचार होता. दोन गिऱ्हाइकांनी ब्लाउज नेले, पैसे दसऱ्यानंतर दिले. ५ ऑक्टोबरला घराचा हप्ता गेला आणि दुचाकीचा २,९५० चा बाउन्स झाला. बँकेचे जीएसटीसह ५९०, कर्ज कंपनीचे ५००. १,०९० रुपये गेले, आणि पगार दोन दिवसांनी, ७ तारखेला आला.

निष्पत्ती

बोनस १६ ऑक्टोबरला आला. पतीने वर्षाच्या सुरुवातीला कंपनीत नवी करप्रणाली निवडल्याचे कळवले होते. या पगाराला २०२५-२६ मध्ये त्यात कर बसत नाही, त्यामुळे बोनसमधून टीडीएस, म्हणजे कंपनीने आधीच कापायचा प्राप्तिकर, गेला नाही. ११,००० त्याच दिवशी आवर्ती खात्यात न टाकता शाळेच्या खात्यावर आगाऊ भरून टाकले. हातात ठेवले असते तर भाऊबीजेपर्यंत त्यातले किती उरले असते, हे सांगता येत नाही.

सणाचा प्रत्यक्ष खर्च ३६,१५० झाला, ठरलेल्यापेक्षा ३,१५० जास्त. फराळ १,४०० ने वाढला. खोबऱ्याचे भाव यंदा भडकलेले होते, आणि चिवड्याला, करंजीला ते लागतेच. भाजणी घरी दळून चकली केली, तूप कमी करासह मिळाले, तरी फरक भरून निघाला नाही. भाऊबीजेत १,७५० वाढले. मुलीच्या चुलत भावंडांची संख्या जुलैत मोजली होती, आलेले सगळे मोजले नव्हते. अचानक खर्चाचे २,००० बाउन्सच्या दंडात आणि मुलाच्या तापात संपले. जादा रकमेपैकी १,८०० शिलाईतून निघाले, १,३५० नोव्हेंबरच्या खर्चात गेले.

३० नोव्हेंबरला कार्डाची बाकी १८,०५९, ओव्हरड्राफ्ट ३६,०००. जुलैत ६२,४०० होते ते ५४,०५९ झाले. जुलैनंतर कार्डावर एकही नवी खरेदी नाही. मागच्या वर्षी हाच काळ संपताना कर्ज वाढलेले होते.

वेगळे काय करता आले असते

विम्याचे महिन्याला १,६०० एप्रिलपासून बाजूला टाकले असते तर सप्टेंबरची तूट झालीच नसती. पण तेव्हा हिशेबच सुरू नव्हता. जुलैत बसल्यावरही एक मार्ग मोकळा होता. ओव्हरड्राफ्टचे सगळे ३६,००० कार्डात न घालता २६,००० घालायचे, ३६,४०० चे हप्ते बांधायचे आणि दहा हजारांची मर्यादा न वापरता ठेवायची. दोन महिन्यांत व्याजात फार तर दोनशेचा फरक पडला असता, आणि २४ सप्टेंबरला हप्त्याच्या पैशाला हात लागला नसता. बारा महिन्यांचा हप्ता मात्र सुमारे नऊशेने वाढला असता, आणि तो या घराला जड गेला असता की नाही यावर आमच्यातही दोन मते आहेत. विमा कंपनीकडे तिमाही हप्त्यांची सोय आहे का, हे विचारायलाच हवे होते. ते कुणी विचारले नाही.

हप्त्यांची तारीख ५ आणि पगार ७ तारखेला, ही रचना तीन वर्षे तशीच होती. दुचाकीच्या कर्ज कंपनीला अर्ज करून तारीख १० करून मागता येते का, हे आता पाहिले जात आहे. घराचा हप्ता ५ लाच राहील, म्हणून पगाराच्या खात्यात २०,००० खाली जायचे नाही असे ठरले आहे. त्याआधी ते वीस हजार उभे करायचे आहेत.

भिशीची चिठ्ठी अजून लागलेली नाही. लागेल त्या महिन्यात आधी कार्डाचे उरलेले हप्ते मुदतीआधी बंद करायचे (शुल्क ३ टक्के आणि जीएसटी, तरीही व्याजापेक्षा कमी पडते का हे त्या दिवशीच्या बाकीवर तपासून), उरलेले ओव्हरड्राफ्टमध्ये भरायचे, असे वहीच्या शेवटच्या पानावर पत्नीच्या अक्षरात लिहिले आहे. त्याच्या खाली मुलीने पेन्सिलीने 'मे' लिहून ठेवले आहे.